कॉकपिटवर मोठं छत

मुंबई बंदरात शिडाची बोट चालवायचा हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात बोटी पाण्याबाहेर काढून ठेवतात, त्यामुळे आपण पाण्यावर असतो ते सगळे महिने उन्हाचे. ऑक्टोबरचा चटका, डिसेंबर-जानेवारीतलं तिरपं ऊन आणि मार्चनंतरचा उन्हाळा. तरीही इथल्या बऱ्याच बोटींवरची बिमिनी, म्हणजे कॉकपिटवरचं (बोटीच्या मागच्या उघड्या बसायच्या जागेवरचं) छत, टिलर म्हणजे सुकाणूचा दांडा धरणाऱ्याच्या डोक्यापुरतीच असते. बाकीचे लोक टोप्या घालून, ओढण्या गुंडाळून, जिथे शिडाची सावली पडेल तिथे सरकत राहतात.

आमची बोट २८ फुटी आहे. माझी आणि धाकट्या भावाची मिळून घेतलेली, वापरलेलीच. अपोलो बंदरासमोर मूरिंगवर, म्हणजे तळाशी पक्क्या केलेल्या बोयाला बांधलेली असते. तिच्यावरची जुनी बिमिनी दोन कमानींची होती: १.२ मीटर लांब, दीड मीटर रुंद. कापड विरलेलं, कमानींच्या वेल्डिंगवर तांबूस डाग. ती बदलायची तर होतीच. पण आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ती बोटीवर यायचं टाळायला लागली. पाण्यावरची तिरीप तिला सहन होईना. म्हणून नुसतं कापड बदलण्याऐवजी कॉकपिटमधली सगळी माणसं सावलीत बसतील असं मोठं छत करायचं आम्ही ठरवलं.

छत मोठं करायचं म्हटलं की पहिला विचार येतो तो किती मीटर लांब आणि किती रुंद, हा. मी सुरुवात सूर्यापासून केली, आणि हे काम काढणाऱ्या प्रत्येकाला मी तेच सांगेन.

मुंबई १९ अक्षांशाच्या किंचित खाली. सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदा: मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. जुलैत आभाळ भरलेलं आणि बोट शेडमध्ये. म्हणजे छताची सावली नेमकी छताखाली पडते, असे दिवस हंगामात मेमधले थोडेसे, आणि तेही भर दुपारी. एरवी ती सरकलेलीच असते. २१-२२ डिसेंबरला मध्यान्हीसुद्धा सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांपर्यंतच चढतो, तो दक्षिणेला. सावली किती सरकते ते शाळेतल्या त्रिकोणमितीने निघतं: छत आणि आपण यांच्यातल्या उंचीला सूर्याच्या कोनाच्या टॅन्जंटने भागायचं. बसलेल्या माणसाच्या मांडीपासून छत १.१ मीटर वर असेल, तर डिसेंबरच्या मध्यान्ही सावली जवळपास एक मीटर उत्तरेला गेलेली असते. फेब्रुवारीत दुपारी चारला सूर्य साधारण ३४ अंशांवर असतो. तेव्हा ती १.६ मीटर सरकते. आमचं जुनं छत होतं १.२ मीटर. म्हणजे परतीच्या वेळी, ज्या वेळेला सगळे दमलेले असतात, त्याची सावली माणसांना सोडून बाहेर पाण्यावर पडत होती.

मग दिशा. आम्ही सर्वांत जास्त जातो ते मांडव्याला, आणि मांडवा गेटवेच्या दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे झुकून आहे. सकाळी निघालं की सूर्य पूर्व-आग्नेयेला, म्हणजे बोटीच्या डाव्या हाताला, थोडा पुढे. दुपारी परत फिरलं की बोटीचं तोंड उलट झालेलं असतं आणि तोपर्यंत सूर्यही पश्चिमेकडे गेलेला असतो. पुन्हा डावी बाजू! परतताना खारे वारे वायव्येकडून येतात, त्यामुळे सरळ रेषेत येता येत नाही, टॅक घेत नागमोडी यावं लागतं. कागदावर दोन्ही टॅक मांडून पाहिले. उजवीकडून वारा घेऊन पश्चिमेकडे चाललो की ऊन डावीकडून पुढून येतं, डावीकडून वारा घेऊन उत्तरेकडे चाललो की डावीकडून मागून. उजवी बाजू जवळपास दिवसभर मोकळी. नांगर टाकून मांडव्यासमोर दुपारी थांबलो आणि बोट वाऱ्याला तोंड करून असली तर ऊन डावीकडूनच, थोडं मागून. भरती-ओहोटीची ओढ जोरात असली की बोट वाऱ्याचं ऐकत नाही, ती पाण्याच्या दिशेने फिरते, आणि मग ऊन कुठूनही येतं.

हा कागद भावासमोर ठेवला. त्याचं म्हणणं होतं की डोलकाठीपासून मागच्या टोकापर्यंत एकच मोठं कापड ताणावं, प्रश्नच मिटेल. नांगरावर असताना तसं करता येतंही. पण शीड उभं असताना छताला तीन गोष्टी अडवतात, आणि त्या बोटीच्या रचनेतच असतात.

पहिली मेनशीट, म्हणजे बूमला (मुख्य शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या काठीला) आवरणारी दोरी. आमच्या बोटीवर मेनशीटचा ट्रॅव्हलर, म्हणजे ती सरकायची आडवी पट्टी, कॉकपिटच्या पुढच्या कडेला, केबिनमध्ये उतरायच्या पायरीपाशी आहे. बूमवरून दोरी सरळ तिथे उतरते आणि ट्रॅव्हलरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरते. छताची पुढची कड त्या दोरीच्या मागेच संपली पाहिजे. दुसरी अडचण बॅकस्टे, डोलकाठीला मागून धरणारी तार. तिच्या मागे जायचं तर कापडाला चीर द्यावी लागते. आणि तिसरा, सर्वांत महत्त्वाचा, बूम. बूमची उंची मोजताना लोक शीड पूर्ण वर असताना मोजतात. आमच्या बोटीची देखभाल करणारे तांडेल करंजाचे. त्यांनी मला थांबवलं.

“ताई, रीफ घेऊन मोजा. जोराचा वारा सुटल्यावर बूम खाली येतो, आणि तेव्हाच छताला लागतो.”

रीफ घेणं म्हणजे वारा वाढल्यावर शीड खालून दुमडून लहान करणं. खरंच, पूर्ण शिडाला बूमचं मागचं टोक कॉकपिटच्या तळापासून १.९० मीटर होतं. दोन रीफ घेतल्यावर १.७८. छताची वरची पातळी १.७० ठरली. त्याखाली भावाला वाकून उभं राहावं लागतं, पण टिलरच्या बोटीवर आपण बसूनच सुकाणू धरतो, म्हणून ते चालण्यासारखं होतं. टॉपिंग लिफ्ट, म्हणजे शीड उतरवल्यावर बूमला वरून धरून ठेवणारी दोरी, हिच्यावर आम्ही एक खूण शिवून घेतली. ती खूण क्लीटपाशी (दोरी अडकवायच्या खुंटीपाशी) आल्याशिवाय हॅलियर्ड, म्हणजे शीड वर चढवणारा दोर, सोडायचा नाही, हा आता बोटीवरचा नियम आहे.

एप्रिलच्या अखेरीस, बोट पाण्याबाहेर काढण्याआधी, मूरिंगवरच छताचा सांगाडा उभा करून पाहिला. हे हंगाम संपायच्या आतच करावं लागतं, कारण शेडमध्ये डोलकाठी उतरवलेली असते आणि बूम, बॅकस्टे, मेनशीट यांतलं काहीच जागेवर नसतं. सामान साधं: लाइट फिटिंगचे पीव्हीसी पाइप, एल्बो, चिकटपट्टी, सुतळी आणि घरातल्या जुन्या चादरी. पाइप कोमिंगला, म्हणजे कॉकपिटभोवतीच्या उभ्या काठाला, बांधून कमानी उभ्या केल्या, वर चादर ताणली आणि मग सगळं वापरून पाहिलं. शीड वर घेतलं. बूम दोन्ही बाजूंना पूर्ण सोडला. टिलर टोकापर्यंत फिरवला. विंचला (शिडाच्या दोऱ्या ओढायच्या चरकाला) हँडल लावून पूर्ण वेढा घेतला, आणि इथे एक गोष्ट कळली जी कागदावर कधीच कळली नसती. कमानीचं बिजागर आम्ही ठरवलं होतं तिथे बसवलं असतं तर विंचचं हँडल अर्ध्या वेढ्यात कमानीला अडलं असतं. ते हातभर मागे सरकवलं.

आईलाही त्या दिवशी नेलं होतं. ती कुठे बसते, चढताना काय धरते, उठताना डोकं कुठे येतं हे पाहायचं होतं. डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, बोटीवर येणारा माणूस हाताला येईल ते धरतो, आणि ते नव्याण्णव टक्के वेळा छताची कमान असते. म्हणून कमान माणसाचा भार घेईल अशीच हवी. नाजूक चौकट कोणी कितीही स्वस्तात देत असलं तरी घेऊ नये.

चादरीखाली बसून दोन निर्णय झाले. एक, चालत्या बोटीसाठी मुख्य छत २.१ मीटर लांब आणि २.१ मीटर रुंद, तीन कमानींवर. याहून मोठं नाही. दोन, उरलेली सावली सुट्या तुकड्यांनी: डावी-उजवीकडे चेनने (झिपने) जोडता येईल असा एक उभा पडदा, मागे बॅकस्टेजवळ दुसरा, आणि नांगरावर असताना छताच्या पुढच्या कडेपासून डोलकाठीपर्यंत जाणारा तिसरा. बाजूचा पडदा एकच. चेन दोन्ही कडांना, पडदा एक. जिकडे ऊन तिकडे तो लावायचा, आणि वर सांगितल्याप्रमाणे तो जवळपास नेहमी डावीकडेच असतो.

छत याहून मोठं का नाही, याचं कारण वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. २५ नॉट वाऱ्यात, म्हणजे ताशी साधारण ४६ किलोमीटर, समोरून अडवलेल्या दर चौरस मीटर कापडावर सुमारे १० किलोचा दाब येतो. जुनं छत दोन चौरस मीटरही नव्हतं, नवं साडेचारच्या जवळ. छत वाऱ्याला समांतर असतं म्हणून एरवी हा सगळा भार येत नाही, पण बोट कलली, वारा छताखाली शिरला की ते वर उचललं जातं. ४० नॉटांची वावटळ आली तर हाच दाब चौरस मीटरला २५ किलोच्या वर. मेमध्ये वळवाचा पाऊस येण्याआधी असे झोत येतात. उभे पडदे लावलेले असले तर ते तर सरळ शिडासारखेच, आणि असं शीड जे आपल्याला सैल सोडता येत नाही. म्हणून प्रत्येक तुकडा एका माणसाला, चालत्या बोटीवर, हत्याराशिवाय उतरवता आला पाहिजे. हा निकष मी पुढच्या प्रत्येक ठिकाणी धरून ठेवला, आणि दोनदा कारागिरांशी वाद घालून धरून ठेवला.

पाइप घेतले कुंभारवाड्यात, दुर्गादेवी स्ट्रीटवर. तिथे स्टेनलेसची दुकानं एकाला एक लागून आहेत. २५ मिलिमीटर बाहेरचा व्यास, १.६ मिलिमीटर जाडी, ३१६ दर्जाचं पोलाद. ३०४ आणि ३१६ दिसायला सारखेच; चुंबकानेही फरक कळत नाही. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि खाऱ्या हवेत टिकतं ते त्याच्यामुळे. दुकानदाराकडे तपासायचा थेंब असतो: पाइपवर एक थेंब टाकायचा, छोट्या बॅटरीची तार लावायची, मॉलिब्डेनम असेल तर रंग बदलतो. मागितलं की दुकानदार करून दाखवतात, त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. बोल्ट आणि नायलॉनचे वॉशर नागदेवी स्ट्रीटवरून.

कमानी वाकवायचं काम दारूखान्यातल्या एका फॅब्रिकेटरकडे दिलं. ट्रॉलर आणि लाँचची रेलिंग करणारी माणसं, हात सफाईदार. कोरडी वाळू भरून पाइप वाकवला की तो वळणावर चेपत नाही. त्यांनी तसंच केलं. पण बिजागऱ्या त्यांनी पदरच्या लावल्या आणि त्या ३०४ च्या निघाल्या. शिवाय वेल्डिंगच्या बाजूचे निळे-तपकिरी पट्टे तसेच ठेवून वरून बफिंग मारलं होतं. तो जळका थर पिकलिंग पेस्टने, म्हणजे आम्लाच्या लेपाने, काढला नाही तर गंज तिथूनच सुरू होतो, पाइप कितीही चांगला असू दे. आमच्या जुन्या कमानींवरचे तांबूस डाग अशाच जागी होते. थेंब टाकून दाखवल्यावर त्यांनी बिजागऱ्या बदलून दिल्या आणि पेस्टचं कामही केलं. त्यात पावसाळ्यातले बरेच दिवस गेले, पण बोट शेडमध्येच होती.

शेडमध्ये असतानाच कोमिंगला भोकं पाडली. आमचं कोमिंग फायबरच्या दोन थरांमध्ये प्लायवूड असं आहे. सरळ भोक पाडून बोल्ट कसला तर कधी ना कधी सीलंट फाटतं, पाणी आत मुरतं आणि प्लाय आतल्या आत कुजतो, बाहेरून काही दिसत नाही. योग्य रीत अशी: बोल्टपेक्षा मोठं भोक पाडायचं, कडेचा प्लाय थोडा कोरून काढायचा, तिथे घट्ट इपॉक्सी भरायचं, ते वाळल्यावर त्या इपॉक्सीच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक. म्हणजे पाणी आलंच तरी लाकडाला लागत नाही. आतून स्टेनलेसच्या पट्ट्या. हे काम कंटाळवाणं आहे आणि कोणाला दिसतही नाही, पण छताचा सगळा भार शेवटी या चार-सहा बोल्टांवर येतो. भावाने ते फार निगुतीने केलं.

आता कापड. माझा सर्वांत जास्त जीव गुंतला तो इथे.

ताडपत्री, म्हणजे पीव्हीसी चढवलेलं कापड, स्वस्त आणि पूर्ण जलरोधक. पण ते तापतं, त्याखाली कोंदट होतं, आणि दुमडून ठेवलं की घडीवर तडकतं. आमच्या हंगामात पाऊस जवळपास नाहीच, त्यामुळे पाणी अडवणं ही पहिली गरज नव्हती. आम्ही अॅक्रिलिकचं कापड घेतलं, ज्याच्या धाग्यात रंग सूत काढण्याआधीच मिसळलेला असतो. वरून रंगवलेलं कापड उन्हात वर्षा-दोन वर्षांत विटतं. हे धाग्याच्या गाभ्यापर्यंत रंगीत असल्यामुळे टिकतं. हवा थोडी आरपार जाते. रंगावरून घरात बरीच चर्चा झाली. पांढरं कापड थंड वाटतं, पण त्यातून उजेड पाझरतो आणि पाण्यावरून उसळणारी तिरीप त्याच्या खालच्या बाजूला आदळून परत डोळ्यांत येते. आईसाठी हेच टाळायचं होतं. गडद निळं देखणं, पण तापतं फार. शेवटी राखाडीवर आलो, मध्यम छटेचा. त्याखाली डोळे निवतात, एवढं नक्की सांगते.

शिवणारे काका माझगावात डॉकयार्ड रोडजवळ बसतात. मूळचे दापोलीकडचे. लाइफबोटींची आच्छादनं, इंजिनांची कव्हरं, लाँचचे टप, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मी माप घेऊन गेले तर त्यांनी कागद बाजूला सारला.

“ताई, माप नको, मला सांगाडा दाखवा. कापड सांगाड्यावर बेतायचं असतं.”

ऑक्टोबरमध्ये बोट पाण्यात आल्यावर ते स्वतः मूरिंगवर आले. नव्या कमानी जागेवर उभ्या केल्या, पट्टे ताणून पक्क्या केल्या, आणि त्यांनी वर मांजरपाट पसरून नमुना काढला. खुणा कोळशाच्या कांडीने. प्रत्येक कमानीची मध्यरेषा, बॅकस्टेची जागा, चेन कुठे सुरू होणार, खिडकी कुठे. बोट लाँचच्या लाटांवर डुलत होती आणि ते गुडघ्यांवर बसून टाचण्या तोंडात धरून काम करत होते. मांजरपाटावरून बेतताना त्यांनी प्रत्येक मापातून थोडं कापड कमी केलं, शंभराला एक-दीड या हिशेबाने. अॅक्रिलिक ताण पडल्यावर ढिलं होतं. सुरुवातीला ओढून बसवावं लागेल इतकं तंग असेल तरच महिन्याभराने ते सपाट राहतं. ढिलं छत फडफडतं, आणि फडफडणारं छत शिवणीतून फाटतं.

कापडाचा पन्हा १५२ सेंटिमीटर आणि छत २.१ मीटर रुंद, म्हणजे जोड येणारच. एक जोड मध्ये घेणं सोपं होतं. काकांनी नकार दिला: मध्यावर बूम घासतो, जोड आधी तिथेच उसवतो. म्हणून दोन जोड, मध्यापासून सारख्या अंतरावर, दुहेरी दुमडीच्या शिवणीचे. दुमडी टाचण्यांनी धरल्या नाहीत, दुहेरी चिकटपट्टीने धरल्या. टाचणीचं भोक राहतं आणि त्यातून पाणी ठिबकतं.

दोऱ्यावरून आमचा वाद झाला. पॉलिस्टरचा दोरा या उन्हात कापडाच्या आधी मरतो. कापड धडधाकट आणि शिवण उसवलेली, असे टप बंदरात कितीतरी दिसतील. मी पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉनचा, दोरा मागवला होता. तो उन्हाने कुजत नाही, पण बुळबुळीत असतो, मशीनवर ताण नीट बसत नाही, टीप सैल पडते. काकांनी पहिल्या दिवशी तो परत केला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच फोन केला. मशीनचा ताण उतरवून, टाका लांब घेऊन चिंध्यांवर टीप मारत बसले होते आणि त्यांना जमली होती. “हा दोरा आपल्यामागे राहील,” म्हणाले. त्यांच्यासारख्या माणसाने इतक्या वर्षांच्या कामानंतर नवा दोरा शिकून घेतला, याचं मला आजही फार वाटतं.

छताच्या कडा त्यांनी सरळ ठेवल्या होत्या. तांडेलांनी बघितल्या आणि त्या आतल्या बाजूला थोड्या कमानदार कापायला सांगितल्या, शिडाची मागची कड कापतात तशा. सरळ कड ताण दिल्यावर मध्येच ढिली पडते आणि वाऱ्यात थरथरते. आत वळलेली कड टोकं ओढली की आपोआप तंग होते. काकांनी लगेच मान्य केलं. शीड आणि टप यांचे हे दोन जाणकार एकमेकांशी बोलायला लागले तेव्हा मी नुसती ऐकत बसले.

तांडेलांचाच आणखी एक आग्रह होता: “शीड दिसलं नाही तर वारा कसा कळणार?” छताखाली बसून वर पाहिलं की कापडच दिसतं. मेनसेलची, म्हणजे मुख्य शिडाची, पुढची कड आणि डोलकाठीच्या टोकाचा वाऱ्याचा बाण दिसत नसेल तर आपण आंधळेपणी बोट हाकतो. म्हणून टिलर धरणाऱ्याच्या बरोबर वर ३० बाय ६० सेंटिमीटरची पारदर्शक पीव्हीसीची खिडकी ठेवली. तिच्यावर वेल्क्रोची झडप, कारण पीव्हीसी उन्हात पिवळी पडून कडक होते. मूरिंगवर असताना झडप बंद.

बसवल्यावर पहिल्यांदा बाहेर पडलो तेव्हा वारा हलका होता, आणि तसाच दिवस मुद्दाम निवडला होता. चौकटीची खरी परीक्षा वाऱ्याने घेतलीच नाही, ती घेतली लाटांनी. गेटवे-मांडवा कॅटामरान, भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून सुटणारी रो-रो, टग, बार्ज, या सगळ्यांच्या लाटा बंदरात एकमेकींना छेदत असतात. बोट अशा लाटेत आडवी सापडली की छताची चौकट पट्ट्यांवर डावी-उजवी हिसके खायची. पुढचे पट्टे तसेच ठेवून मागच्या पट्ट्यांच्या जागी पाइपचेच दोन तिरके टेकू बसवले, टोकाला खेचून काढायच्या पिना. तेव्हापासून चौकट हलत नाही.

दृष्टी हा दुसरा मुद्दा, आणि तो अजून पूर्ण सुटलेला नाही. बोट २० अंश कलली की दोन मीटर रुंद छताची वाऱ्याखालची कड ३५ सेंटिमीटर खाली येते. त्या बाजूला पुढचं शीड आधीच नजरेच्या आड येत असतं. बंदराच्या तोंडाशी, थळच्या बाजूला, कोळ्यांच्या जाळ्यांचे बोये असतात, काही साध्या प्लास्टिकच्या कॅनचे, आणि ते पाण्याबरोबर वाहत तिरके होतात. जाळं त्यांचं पोट आहे. ते आपल्या सुकाणूत अडकवून तोडायचं नाही. म्हणून पडदा लावलेला असताना एक जण छताबाहेर, पुढे बसून बोये बघतो आणि दर थोड्या वेळाने पाळी बदलते. उन्हातली ही एक जागा उरली आहे. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात जाळीचं कापड घालून पाहायचं काकांशी बोलणं झालं आहे. आरपार दिसेल, वाराही जाईल, आणि तिरीप निम्म्याने तरी अडेल.

वाऱ्याच्या मर्यादा आम्ही लिहून केबिनच्या दाराशी चिकटवल्या आहेत. १५ नॉटपर्यंत सगळं लावलेलं चालतं. मार्च-एप्रिलच्या दुपारी तेवढा वारा नेहमीचाच. त्यापुढे मागचा पडदा आधी काढायचा. २० ला बाजूचा. २५ च्या आत छत दुमडून मागच्या रेलिंगवर घेऊन म्यानात घालायचं. म्यान म्हणजे चेनची लांब पिशवी, तीच काकांनी उरलेल्या कापडातून शिवली. दुमडताना पिना काढल्या की तिन्ही कमानी एकत्र मागे येतात. मी एकटी करू शकते, आणि वाऱ्यात करूनही पाहिलं आहे. भावाच्या मते या मर्यादा जरा जास्तच सावध आहेत. मी त्या बदललेल्या नाहीत.

पुढचा तुकडा, नांगरावर लावायचा, हा सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत सुखाचा निघाला. मेनसेल उतरवून बूम थोडा बाजूला बांधायचा, मेनशीट सैल करून ट्रॅव्हलरच्या टोकाला न्यायची, छताच्या पुढच्या चेनला कापड जोडायचं आणि पुढची दोन टोकं डोलकाठीच्या तारांना बांधायची. केबिनच्या छपरावर ऊन पडायचं थांबलं की आतली हवा बदलते. मांडव्यासमोर भर दुपारी आई आत आडवी होऊन झोपली, हे आधी कधी झालं नव्हतं. कॉकपिटच्या फायबरच्या सीटवर चटका बसत नाही, होकायंत्राचं घुमट तापत नाही, विंचवरच्या दोऱ्या कडक होत नाहीत. आई आता डाव्या बाजूला, पुढच्या कोपऱ्यात बसते आणि खांदेरीपर्यंत येते.

देखभालीला वेळ द्यावा लागतो. हिवाळ्यात सीगल येतात, घारी-कावळे तर बारमाही, आणि मूरिंगवरच्या सपाट छतावर ते बसतातच. त्यांची विष्ठा लगेच गोड्या पाण्याने धुवावी, साबण सौम्य, ब्लीच नाही. ब्लीचने दोऱ्याला काही होत नाही पण चेनला आणि खिडकीला होतं. चेन प्लास्टिकच्या दातांची घेतली आहे, धातूची खाऱ्या हवेत जाम होते; तरी तिला महिन्यातून एकदा मेण लावते. बिजागरांच्या पिना काढून मीठ पुसायचं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात, वळवाच्या आधी, कापड उतरवून धुऊन दोन दिवस सावलीत पूर्ण वाळवलं आणि गुंडाळून घरी कपाटावर ठेवलं. घडी घातली नाही, खिडकीवर सुरकुती राहते. कमानी बोटीवरच आहेत. डाव्या जोडावर, मागच्या कमानीपाशी, कापड घासून थोडं केसाळ झालेलं दिसलं. तिथे चामड्याचा तुकडा लावायला ते काकांकडे गणपतीनंतर द्यायचं आहे, जाळीच्या पडद्याच्या मापासोबत.